जळाऊ

मागच्या महिन्यात लेकीने मला बांद्र्याच्या एका कॅफेत नेलं. तिचा पगारवाढीचा आनंद होता आणि माझा कंटाळा घालवायचा होता, दोन्ही एकाच बिलात. तिथे खिडकीजवळ एक लांबच लांब टेबल होतं, एकाच अखंड फळीचं, कडा सरळ न कापता झाडाच्या होत्या तशाच वेड्यावाकड्या ठेवलेल्या, आणि मध्ये जिथे फट असेल तिथे निळं काचेसारखं काहीतरी ओतलेलं, म्हणजे नदी वाहतेय असं दिसावं म्हणून. मला ती निळी नदी काही आवडली नाही, पण लाकूड… मधला भाग गडद चॉकलेटी, त्यात काळपट रेषा पाण्यासारख्या वळलेल्या, आणि कडेला दोन-तीन बोटं रुंद पिवळसर पांढरी किनार. मी त्यावर हात फिरवत बसले आणि लेक म्हणाली, आई, मेन्यू बघ, टेबल नको. तिथल्या मुलाला विचारलं हे कुठलं लाकूड, तर तो फार अभिमानाने म्हणाला, "मॅम, सुआर वूड. इम्पोर्टेड. इंडोनेशिया." असली टेबलं विकतात का म्हणून विचारलं तर म्हणाला हो, ऑर्डरवर, आणि किंमत सांगितली ती लाखाच्या बरीच वर होती. मी आपली उगाच मान हलवली, घेणारच आहे अशी.

पण ती किनार डोक्यातून जाईना. हे मी कुठेतरी पाहिलंय, अगदी जवळून पाहिलंय असं सारखं वाटत होतं. कॉफी येईपर्यंत फोनवर शोधलं. सुआर म्हणजे 'समान' नावाचं झाड, आणि 'समान' म्हणजे रेन ट्री. आपलं रेन ट्री! वर्षावृक्ष, विलायती शिरीष, काय म्हणाल ते, मुंबईत ज्याच्याखाली गाडी लावली की संध्याकाळपर्यंत टपावर चिकट राडा होतो ते. मग आठवलं ते लाकूड कुठे पाहिलं होतं. माझ्याच सोसायटीच्या गेटसमोर, दोन वर्षांपूर्वी, मे महिन्यात, तुकडे करून ट्रकमध्ये भरताना. त्या कागदावर माझी सही होती. सात जणांच्या सह्या होत्या खरं तर, पण माझी सगळ्यात सुवाच्य.

कॉफी गार झाली, लेकीने दोनदा सांगितलं तरी.

सांगायचं तर आमचं झाड बिल्डिंगच्याच वयाचं. बिल्डिंग 1978 ची, तेव्हाच कोणीतरी कोपऱ्यात हे रोप लावलं आणि सगळेजण आपापल्या संसाराला लागले. मी 1994 ला लग्न होऊन आले तेव्हा ते चौथ्या मजल्याच्या वर गेलेलं होतं आणि आमच्या बाल्कनीत त्याची एक फांदी जवळजवळ घरात यायची. उंचीपेक्षा त्याला पसरायची हौस फार. छत्री उघडल्यासारखं वाढतं, अर्धं आमच्या कंपाउंडमध्ये, अर्धं रस्त्यावर, आणि उरलेलं शेजारच्या सोसायटीत, त्यावरूनही भांडणं झाली आहेत. पानं तुमची, झाडू आमचा, असली. मार्च-एप्रिलमध्ये गुलाबी फुलं, फूल म्हणजे पावडर लावायचा पफ असतो ना तसं, खालून पांढरं वरून गुलाबी, आणि पडून वाळली की तपकिरी केसांचा गुंता झाल्यासारखी दिसतात. इतकी नाजूक फुलं आणि इतकं अवाढव्य झाड, मला नेहमी एखाद्या पैलवानाने कानात अत्तराचा फाया घातल्यासारखं वाटायचं.

पण माझं रेन ट्री खरं म्हणजे मिरजेचं. बाबा रेल्वेत होते, आणि क्वार्टर्सच्या मधल्या मैदानात दोन रेन ट्री होती. इंग्रजांनी, आणि नंतर आपल्यानेही, हे झाड रस्त्याकडेला, कॉलन्यांत, स्टेशनांच्या आवारात भरपूर लावलं कारण सावली झटपट मिळते, वडासारखी दोन पिढ्या वाट बघावी लागत नाही. मूळचं ते दक्षिण आणि मध्य अमेरिकेतलं, एकोणिसाव्या शतकात इकडे आलं. आम्हाला हे काही माहीत नव्हतं. आम्हाला एवढंच माहीत होतं की साडेपाच-सहाच्या सुमारास त्याची पानं मिटतात. लाजाळूचं कसं हात लावला की होतं, तसं नाही, सावकाश, कोणी बघत नसताना. तुम्ही लगोरी लावत असता आणि वर बघता तर मगाशी हिरवं होतं ते आता विरळ झालेलं असतं आणि फांद्यांमधून आभाळ दिसायला लागलेलं असतं. आमच्या आईकडे घड्याळ होतं, पण ती घड्याळ वापरायची नाही. "झाड मिटलं, घरी या." हीच हाक. पावसाळी दिवस असला की ढग भरून आल्यावर झाड तीन वाजताच मिटायचं आणि मग आमची वादावादी, की हे मिटणं धरायचं का नाही. दादा म्हणायचा ढगाचं मिटणं धरायचं नाही. आई म्हणायची, मिटलं म्हणजे मिटलं.

नंतर कधीतरी वाचलं की मलेशियात या झाडाला 'पुकुल लिमा' म्हणतात, म्हणजे पाच वाजले. आणि तमिळमध्ये 'तूंगुमूंजी', झोपाळू तोंडाचं झाड. म्हणजे तिकडच्या आयांनी पण हेच केलेलं दिसतंय! रेन ट्री हे नाव कशावरून पडलं यावर दोन-तीन मतं आहेत. एक म्हणजे पावसात आणि रात्री पानं मिटलेली असल्यामुळे पाणी थेट खाली उतरतं, म्हणून त्याच्या सावलीत गवत हिरवंगार राहतं, त्यात हे झाड शेंगवर्गीय, मुळाशी नत्र धरून ठेवणारं, त्याचाही फायदा. आणि दुसरं मत जरा कमी काव्यात्म, ते म्हणजे झाडावरचे रस पिणारे किडे वरून बारीक थेंब सोडत असतात, तो पाऊस. आमच्या सोसायटीतल्या गाड्यांवर पडायचा तो हा दुसरा पाऊस. मिरजेला कोणाकडे गाडी नव्हती त्यामुळे पहिलाच पाऊस लक्षात राहिला.

मे महिन्याच्या सुट्टीत शेंगांचा खेळ. काळ्याभोर, हातभर नाही पण वीतभर तरी, आतून चिकट, आणि वास गुळात चिंच कालवल्यासारखा. गाईम्हशी अगदी मन लावून खायच्या, गवळी पोती भरून न्यायचा. आम्ही पण खाऊन बघितल्या आहेत, गोड लागतात, पण दाताला इतक्या चिकटतात की पुढचा अर्धा तास बोलता येत नाही, आईला ते बरंच वाटायचं. खरा उपयोग चेंडूचा. शेंगा दगडावर ठेवून ठेचायच्या, बिया काढायच्या, मग तो काळा चिकट लगदा हाताने वळत बसायचं, मध्ये मातीत घोळवायचं, पुन्हा वळायचं, दोन दिवस उन्हात. असा टणक व्हायचा की पायाला लागला तर आठवडाभर निळं. पण दादाच्या पिशवीत ठेवलेला चेंडू सकाळी मुंग्यांनी झाकलेला असायचा आणि सामना सुरू व्हायच्या आधी बॉल झटकून घ्यावा लागायचा. बिया मी जमवायची. तपकिरी, गुळगुळीत, आणि प्रत्येकीवर घोड्याच्या नालेसारखी एक फिकट रेष, कोणीतरी नखाने काढल्यासारखी. काडेपेटीत भरून ठेवायची मी. का, ते विचारू नका.

आणि लाकूड? लाकडाचा विषयच नव्हता. मिरज म्हणजे सतारी आणि तानपुऱ्यांचं गाव, तिथे पोरासोरांना पण माहीत की भोपळा कुठला आणि दांडीला तुणीचं लाकूड का. वाद्यांच्या दुकानांवरून जाताना रंध्याचा आवाज आणि पॉलिशचा वास. आमच्या क्वार्टरची दारं-खिडक्या दुरुस्त करायला एक सुतार यायचे, आम्ही सुतारमामा म्हणायचो. एकदा वादळात मैदानातल्या झाडाची मोठी फांदी मोडली तेव्हा बाबांनी त्यांना विचारलं याचं एखादं स्टूल होईल का. सुतारमामांनी फांदीकडे पाहिलंसुद्धा नाही नीट. म्हणाले, साहेब, जे झरझर वाढतं त्याचं लाकूड भुसभुशीत, रंधा मारला की उलटी कुसळं उठतात, आणि पांढऱ्या भागात किडा लागून पीठ पडतं. जळाऊ आहे, बंबात घाला. आम्ही बंबात घातली. त्या हिवाळ्यात आंघोळीचं पाणी रेन ट्रीवर तापलं.

आता वाचल्यावर कळतंय की मामा अर्धे बरोबर होते. वीण उलटसुलट असते त्यामुळे रंध्याला त्रास देतं हे खरं, बाहेरच्या पांढऱ्या भागाला किडा लागतो हेही खरं. पण आतला गाभा चांगला टिकतो, सागापेक्षा हलका, आणि मुख्य म्हणजे वाळताना आकसत फारसा नाही. बाकी लाकडं महिनोन्‌महिने वाळवल्याशिवाय हात लावता येत नाही, तडकतात, वाकतात. हे मात्र ओलं असतानाच कोरायला घेतात. हवाई बेटांवर याला मंकीपॉड म्हणतात आणि त्याचे वाडगे, थाळ्या दुसऱ्या महायुद्धानंतर तिथून घरी जाणाऱ्या अमेरिकनांनी ट्रंका भरभरून नेल्या, पुढे तसलेच वाडगे फिलिपिन्स आणि थायलंडमध्ये बनायला लागले. थायलंडमध्ये तर याच झाडावर लाखेचे किडे पण पोसतात. आणि होनोलुलूला एका बागेत एक रेन ट्री आहे, 25 मीटर उंच, 40 मीटर रुंद, त्याला हिताची झाड म्हणतात, कारण 1973 पासून ती जपानी कंपनी जाहिरातीत हे झाड दाखवते आणि त्याबद्दल बागेच्या मालकांना दरवर्षी काही लाख डॉलर देते. नुसतं उभं राहण्याचे! व्हेनेझुएलात 1800 साली हुंबोल्ट नावाचा जर्मन शास्त्रज्ञ एक रेन ट्री बघायला थांबला होता, लांबून त्याला ती हिरवळीने झाकलेली गोल टेकडीच वाटली. मी हे सगळं कॅफेतून परत येताना लोकलमध्ये वाचत होते आणि प्रत्येक ओळीबरोबर मला जास्तच कसंतरी व्हायला लागलं.

झाड गेलं तेव्हा इतकं वाईट वाटलं नव्हतं. भाव कळल्यावर वाटलं.

हे लिहायला लाज वाटते, पण तसंच झालं. झाड कापलं त्या दिवशी मी दुपारी वरणभात खाऊन झोपले होते, चेन सॉच्या आवाजात. त्याच्या आधीच्या जुलैमध्ये एक फांदी मोडून बी विंगमधल्यांच्या नव्या गाडीवर पडली होती, गाडीची काच गेली, कोणाला लागलं नाही हे नशीब. मग मीटिंग. झाड तसंही एका बाजूने वाळत चाललं होतं, फांद्यांवर पांढरा पिठ्या ढेकूण कापसासारखा चिकटलेला, मुंबईत कितीतरी रेन ट्री याने वाळून गेलीत, ते सगळ्यांनी बघितलेलं. मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणालं औषध मारून बघू, तर कोणीतरी म्हणालं खर्च कोण करणार. आणि एक गोष्ट मीटिंगमध्ये कोणी बोललं नाही, मी पण नाही. पाच-सहा वर्षांपूर्वी कंपाउंडमध्ये पेव्हर ब्लॉक बसवले तेव्हा ते अगदी बुंध्याला टेकवून बसवले होते, खाली सिमेंट. तेव्हा मी कमिटीत होते. पावसात मुलांचे बूट चिखलाने भरतात आणि लिफ्ट घाण होते म्हणून पेव्हर ब्लॉकचा आग्रह कोणाचा होता, तर माझा. झाडाला श्वास घ्यायला हातभर माती सोडा असं तो लादी बसवणारा माणूसच म्हणाला होता, आणि आम्ही म्हटलं होतं की मग तिथे कचरा साठेल.

मग अर्ज झाला, पाहणी झाली, झाडावर नोटीस चिकटली, हरकती कोणाच्या आल्या नाहीत, परवानगी आली. सगळं रीतसर. कायद्यात 2021 साली बदल झाला तेव्हापासून 50 वर्षं किंवा त्याहून जास्त वयाचं झाड हेरिटेज धरतात. आमचं 45 चं. पाच वर्षं कमी पडली, हे आमच्या सेक्रेटरीने सुटकेचा निःश्वास टाकत सांगितलं होतं. मोबदल्यात झाडाच्या वयाइतकी रोपं लावायची, म्हणजे 45. आमच्या कंपाउंडमध्ये 45 कुंड्या मावत नाहीत. एका रविवारी टेम्पो करून डोंगराच्या पायथ्याशी गेलो, लावली, फोटो काढले, वडापाव खाल्ला. नंतर तिकडे कोण गेलंय का, तर मी तरी नाही.

कंत्राटदाराने कापायचे पैसे घेतले आणि लाकूडही नेलं. त्याच्या कोटेशनमध्ये एक ओळ होती, मी कमिटीच्या फाइलमध्ये परवा जाऊन मुद्दाम बघितली. 'निघणारा माल जळाऊ स्वरूपाचा असल्याने त्याची वजावट नाही.' म्हणजे सुतारमामाच! मी तेव्हा त्याला सहज विचारलं होतं की कुठे जाणार हे, तर म्हणाला काय मॅडम, थोडं बेकरीवाल्याला, थोडं स्मशानात. पावाच्या भट्टीत गेलं असेल तर निदान आमच्याच पोटात आलं म्हणायचं. खोडाचा मुख्य तुकडा मात्र त्याने वेगळ्या ट्रकमधून नेला, क्रेन लावून, दुसऱ्या दिवशी पहाटे. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. आता वाटतं. भट्टीत घालायचं लाकूड कोणी क्रेन लावून सांभाळून नेत नाही ना. कदाचित त्याला माहीत होतं, कदाचित नसेलही, कदाचित ते कुठेतरी टेबल होऊन बसलंय आणि त्यावर कोणीतरी निळी नदी ओतली आहे. ते बांद्र्याचं टेबल आमचंच असेल असं मी म्हणत नाही हं, इतकी काही वाहवत गेलेली नाही. पण त्या मुलाला मी विचारायला हवं होतं, तुझी खात्री आहे का इंडोनेशियाची.

सोसायटीच्या व्हॉट्सअप ग्रुपवर त्या दिवसाचे फोटो अजून आहेत. मी वर वर जात शोधले, मध्ये दोन दिवाळ्यांचे फराळ आणि तीनशे गुड मॉर्निंग पार करत. एका फोटोत बुंध्याचा कापलेला भाग समोरून आलाय. झूम केलं. मध्ये चॉकलेटी, भोवती पिवळसर पांढरी किनार, एका जागी किनार आत घुसलेली, खाडी असते तशी. फोटोखाली अकरा अंगठे. त्यातला एक माझा.

लेकीला सांगितलं तर ती म्हणाली, आई, लाकूड महाग निघालं म्हणून झाड महत्त्वाचं झालं का, मग तर आपण कंत्राटदारापेक्षा वाईट. तिला एवढं रोखठोक बोलायला मीच शिकवलंय, आता काय करणार. मी म्हटलं तसं नाही गं. पण कसं, ते मला सांगता येईना. तीस वर्षं बाल्कनीत सावली आली, मे महिन्यात आमच्या घरात पंखा दोनवर चालायचा तो आता एसीशिवाय जमत नाही, रोज दुपारी पोपट यायचे, सुगरणीसारखं कायकाय शोधत कावळे काड्या न्यायचे, हे सगळं फुकट होतं म्हणून मोजलंच नाही. मिरजेच्या आईने निदान त्याच्यावर घड्याळ लावलं होतं. मी काय केलं, तर बूट स्वच्छ ठेवले. आणि तरी खरं सांगायचं तर पुन्हा ती मीटिंग झाली आणि ती फांदी पुन्हा कोणाच्या लेकराच्या डोक्यापासून चार फुटांवर पडली, तर मी पुन्हा सही करीन असंही वाटतं. औषधाचा खर्च करा असं मोठ्याने म्हणून मग करीन, एवढाच फरक.

परवा संध्याकाळी दूध आणायला खाली उतरले तर वॉचमनच्या केबिनमध्ये नजर गेली. तो चिपळूणकडचा आहे, आमच्याकडे बारा वर्षं. खुर्चीसमोर जमिनीवर एक जाडजूड गोल चकती, कढईएवढी, त्यावर त्याचे पाय. मी म्हटलं हे काय रे, तर म्हणाला, "काकू, आपलंच झाड ना, फांदीचा तुकडा ठेवून घेतला होता मी, पाय ठेवायला." दोन वर्षं ती तिथे होती आणि मी रोज समोरून जात होते. मी खाली बसले. वरून ती राखाडी झालेली, धुळीने, चपलांनी, चहाचे दोन गोल डाग. चकत्या वाळल्या की हमखास मध्यापर्यंत तडकतात, हिला एकच बारीक चीर होती, कडेला. मी रुमाल ओला करायला पाण्याची बाटली मागितली तर तो घाबरलाच, म्हणाला मी पुसतो, तुम्ही कशाला. पुसलं. पाण्याखाली चॉकलेटी रंग असा वर आला की तो पण वाकून बघायला लागला. "आयला, हे असलं होतं होय," म्हणाला. तीस सेकंदांत पाणी सुकलं आणि पुन्हा राखाडी.

मला ती चकती घरी न्यायची होती. पॉलिश करून घेतली असती, टीपॉय वगैरे. मी विचारलं देतोस का. तो जरा कानकोंडा झाला, मानेमागे हात फिरवत म्हणाला, "दिली असती काकू, पण रात्रपाळीला पाय लोंबकळून सुजतात. आणि थंडीत फरशी गार लागते."

मी त्याची बाटली परत दिली. दूध घेऊन आले तोवर पाय पुन्हा चकतीवर होते आणि रेडिओवर काहीतरी लागलं होतं.